यासीनभाईचं माप, माझी बेरीज

यासीनभाई,

तुझ्या दुकानाची किल्ली सध्या माझ्याकडे आहे. घाबरू नकोस, हत्यारांना हात लावत नाही. सकीनाभाभींनी ती देताना एवढंच सांगितलं, "भाईसाब, खेमाभाऊ का इंजन खुला पड़ा है, उसका कुछ करो." मी ती अशा थाटात खिशात टाकली, जणू तुझ्या दुकानात आजवर वाल्व मीच घासत होतो आणि तू फक्त चहा मागवत होतास. शटर वर करायला मला तीन झटके लागले. तू एका पायाने करायचास. तिसऱ्या झटक्याला शटर वर गेलं आणि माझी कंबर खालीच राहिली. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "मास्तर, डावीकडून उचला." रनाळ्याच्या शाळेत उभी हयात मी समीकरणाची डावी बाजू आणि उजवी बाजू शिकवली; शटरलाही डावी बाजू असते हे निवृत्त झाल्यावर कळलं.

आत सगळं तू ठेवलंस तसंच होतं. बाकावर खेमाच्या जीपचं इंजिन पोट उघडं टाकून पडलं होतं. हेड, म्हणजे त्याचं वरचं झाकण, बाजूला. त्याच्याशेजारी चार टोपीवाले पिस्टन ओळीने उभे, आणि त्यातल्या तिसऱ्याची कड उंदराने कुरतडावी तशी खाल्लेली. मी त्या पिस्टनकडे पाहिलं नाही. महिन्याभरात त्याच्याकडे न पाहण्याचा मला चांगला सराव झाला होता.

लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलतात रे. तुला माती देऊन आम्ही परत निघालो, तेव्हा मिरचीबाजारातले दोन शेठ, तीन रिक्षावाले, एक मिस्तरी आणि मी, असे चालत होतो. कुणी म्हणालं, यासीन इंजिनाला नुसता कान लावून आजार सांगायचा. कुणी म्हणालं, खोटं काम कधी केलं नाही. आणि बायपासवरचा बन्सी मिस्तरी, ज्याचं आणि तुझं उभ्या जन्मात एका पान्यावर एकमत झालं नाही, तोसुद्धा म्हणाला, "कारागीर मोठा व्हता. शेवटले मातर हात चुकना. खेमाना इंजिननं माप हुकनं त्यानं." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

त्या मान हलवण्यासाठी हे लिहितोय. तुझं माप हुकलं नव्हतं. ही गोष्ट अख्ख्या नंदुरबारात एकाच माणसाला माहीत होती, आणि तो माणूस मान हलवत चालला होता.

*

तुला आठवतं का आपली पहिली भेट? मी माझ्या मोपेडचा कार्बोरेटर घरी खोलला होता. खोलणं सोपं होतं. जोडताना सात तुकडे उरले. ते मी बायकोच्या भाजीच्या टोपलीत घालून तुझ्याकडे आणले, वर फडकं झाकून. तू फडकं उचललंस आणि विचारलंस, "मास्तर, भाजी लई उना का?" मग एकेक तुकडा हातात घेऊन मला दाखवत गेलास, आणि सातवा उचलून म्हणालास, "हाई मोपेडनं नही शे." तो आमच्या प्रेशर कुकरच्या शिट्टीचा निघाला. त्या दिवशी तू असा हसलास की तुला पाणी प्यावं लागलं, आणि मला वाटलं, या माणसाकडे पुन्हा यायला हवं. इतकं मनापासून माझ्यावर घरातही कुणी हसत नव्हतं.

पुढे मी निवृत्त झालो आणि रोजच यायला लागलो. तुझ्या दुकानात मला काम नव्हतं, म्हणून मी एक हुद्दा तयार केला. दुकानाचा गणिती. कुठे सिलिंडरचं भोक, म्हणजे बोर, किती हजारांशाने वाढवलं, कुठे किती घनसेंटीमीटर वाढले, सगळं मी वहीत मांडायचो. तू ती वही कधी उघडून पाहिली नाहीस. "तू मास्तर शे, तुन्हं बराबरच व्हई," एवढं म्हणायचास आणि कामाला लागायचास. पाहिली असतीस तर बरं झालं असतं, पण तुझी सवयच अशी, ज्याचं काम त्याच्यावर सोडायचं. तुझ्या त्या विश्वासाने मी किती फुगलो होतो, हे सांगायची सोय नाही.

*

खेमाची जीप आली ती एप्रिलच्या शेवटी. मोलगीच्या वरच्या पाड्यावरचा खेमा. त्याची ती जुनी पेट्रोल जीप, बाजाराच्या दिवशी आमचूर म्हणजे कैरीच्या वाळल्या फोडी, मोहाची फुलं आणि वर बसतील तेवढी माणसं घेऊन घाट उतरते आणि चढते. त्या जीपवर त्याचं घर चालतं आणि पाड्यावरच्या दहा-बारा घरांचा बाजारही. इंजिन तेल पीत होतं, धूर सोडत होतं, आणि चढावर माणसांना उतरून ढकलावं लागत होतं. खेमा म्हणाला, "भाई, आमचूरना टाइम शे. पंधरा दिवसमा दे."

तू इंजिन उघडलंस. सिलिंडर झिजले होते, ते लेथवर मोठे करून नवीन पिस्टन टाकायचे ठरलं. आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं.

वाचणाऱ्यांना सांगतो, भांडण कशावरून होतं ते. सिलिंडरमध्ये शिरलेली हवा आणि पेट्रोल पिस्टन वर येताना दाबतो. आठ भाग होतं ते एका भागात कोंबलं की त्याला आम्ही 'आठाला एक' म्हणतो. जास्त कोंबलं तर ताकद जास्त. पण पेट्रोल रस्त्याकडेच्या बाटलीतलं, भेसळीचं असलं, चढ खडा असला आणि ऊन मे महिन्याचं असलं, तर ते शिस्तीत जळायचं सोडून आपणच भडकतं, आणि पिस्टनच्या डोक्यावर हातोडी पडल्यासारखा ठकठक आवाज येतो. असं इंजिन घाटात ठोकायला लागलं की ते फार दिवस जगत नाही. किती कोंबायचं हे पिस्टनच्या डोक्यावर ठरतं. चपटं डोकं असेल तर वर जागा जास्त राहते. टोपीवालं, म्हणजे मध्ये फुगीर असेल, तर ती टोपी जागा खाते आणि दाब वाढतो.

मला नवाला एक हवं होतं. का हवं होतं? काही कारण नाही. मोबाइलवर एका परदेशी माणसाचा व्हिडिओ पाहिला होता. तू म्हणालास, "मास्तर, इंजिनले बी राग येस. मोलगीना घाटमा तं जास्ती येस. आठवर ऱ्हाऊ दे." मी मोठ्या मनाने आठावर उतरलो, जसं काही नवाचा अधिकार माझाच होता.

आता माप. तुझी माप घ्यायची रीत नंदुरबारात कुणाची नव्हती. बाकीचे हेड उलटं ठेवून त्याची खळगी मोजतात, गॅस्केटची, म्हणजे हेडखालच्या पातळ पत्र्याची, जाडी वेगळी, पिस्टन वेगळा, मग सगळं जोडतात. तू म्हणायचास, तुकड्या-तुकड्याने मोजलं की चूकही तुकड्या-तुकड्याने होते. तू जुना पिस्टन अगदी वर आणलास, कडेने ग्रीस फासलंस, गॅस्केट ठेवलंस, हेड बसवून नटं आवळलीस, आणि इंजिन जरा तिरकं करून प्लगच्या भोकातून गुरांच्या डॉक्टरकडून मागून आणलेल्या सिरिंजने पातळ तेल सोडलंस. थेंब थेंब. प्लगचे आटे संपतात तिथे तेल आलं, तशी थांबलास. सिरिंज डोळ्यांपाशी धरलीस आणि म्हणालास, "ऐंशी."

मी वहीत लिहिलं, ऐंशी. खाली लिहिलं, गॅस्केटचे आठ. बेरीज अठ्ठ्याऐंशी.

दिसलं ना? गॅस्केट तर त्या ऐंशीत होतंच. तू ते माझ्या डोळ्यांदेखत ठेवलं होतंस, मीच तुला पकडून दिलं होतं, माझ्या हाताला त्याचा काळा रंगही लागला होता. आणि मी ते पुन्हा जोडलं. नववीच्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

साफ हिशेब असा होता. नवीन बोरने सिलिंडर पाचशे साठचा होणार. वर जागा ऐंशी. पाचशे साठ आणि ऐंशी मिळून सहाशे चाळीस, भागिले ऐंशी, आठ. चपटे पिस्टन टाकले की नेमकं आठाला एक. देवाने, तुझ्या अल्लाने, आणि कारखान्यात ते इंजिन कुणी ओतलं असेल त्याने, तिघांनी मिळून उत्तर तयार ठेवलं होतं. पण माझ्या वहीत जागा अठ्ठ्याऐंशी होती, त्यामुळे उत्तर सव्वासातच्या थोडं वर येत होतं. मी जाहीर केलं, "चपटे चालणार नाहीत. आठ घनसेंटीमीटरची टोपी लागेल."

तू म्हणालास, "चपटाच बसाडू. पहिलेथून त्यास्मा चपटाच शेतस."

"पहिल्यापासून चुकत आलं असेल तर आपणही चुकायचं?"

"मास्तर, तुन्हं गनित बराबर व्हई. पन घाट काई गनित शिकेल नही."

"घाट नसेल शिकला, मी शिकलोय."

हे मी खरंच म्हणालो. चार लोकांसमोर. तू हातातलं फडकं खांद्यावर टाकलंस आणि म्हणालास, "बरं. टोपीवाला लई ये."

तुला पटलं नव्हतं, हे मला दिसत होतं. पण मी मास्तर होतो, आणि तू चौथीनंतर शाळा पाहिली नव्हतीस. तू माझ्या शिक्षणाचा मान राखलास. मी तुझ्या कानाचा राखला नाही.

*

पिस्टन आणायला सुरतेला मीच गेलो. गणिती माणूस पाहिजे, दुकानदार फसवतात, असं म्हणून. दुकानदाराने दोन्ही दाखवले, चपटे आणि टोपीवाले, आणि गाडी कुठली, चालते कुठे, असं विचारून चपट्यांवर बोट ठेवलं. मी त्यालाही घाटाचं आणि गणिताचं सांगितलं. परत येताना पिस्टनचा खोका मांडीवर घेऊन गाडीत जो झोपलो, तो नंदुरबार गेलं तरी उठलो नाही. दोंडाईच्याला उतरलो, आणि तिथून उलट्या गाडीने परत आलो. तू स्टेशनवर तुझ्या स्कूटरवर बसून वाट पाहत होतास. "पिस्टन जास्ती फिरी उनात," म्हणालास, "रनिंग व्हई गई त्यासनी."

मग टोपी वाल्वला टेकते का ते पाहायचं होतं. तुझी रीत माहीत होती: पिस्टनच्या डोक्यावर कणकेचा गोळा ठेवायचा, हेड बसवून इंजिन हाताने फिरवायचं, पुन्हा उघडून कणीक कुठे किती दबली ते बघायचं. "घरथून पीठ लई ये," म्हणालास. मी घरी गेलो, परातीत मळलेलं दिसलं, उचललं आणि आणलं. तू हेड उघडलंस तर आत भुगा. पिस्टनवर, वाल्ववर, सिलिंडरच्या भिंतीवर, सगळीकडे पांढरा भुगा. मी भाकरीचं पीठ आणलं होतं. ज्वारीचं.

"गहूनं, मास्तर! गहूनं!" तू डोक्याला हात लावलास. "ज्वारीले ताण ऱ्हास का?"

अर्धा दिवस आपण दोघं रॉकेल आणि ब्रशने खेमाच्या इंजिनातून भाकरी बाहेर काढत होतो. घरी गेलो तर बायको, मंगला, दारातच. "आज भाकरी नाही. यासीनभाई जेवून गेले का सगळं?" मी सांगितलं ते इंजिन जेवलं. तिने भाताचा कुकर लावला, शिट्टीविना, आणि माझ्याशी दुसऱ्या दिवशी बोलली.

*

इंजिन सुरू झालं ते एकदम गोड. आपण सारंगखेड्याच्या रस्त्याने फेरी मारून आलो, आणि मी तुझ्याकडे बघत होतो, तू कान पुढे करून ऐकत होतास. "गोड चालतं ना?" मी विचारलं. "सपाटवर सगळंच गोड चालस," म्हणालास.

तिसऱ्या दिवशी खेमाची जीप दुसऱ्या जीपला दोर बांधून आली. घाटाच्या चौथ्या वळणावर ठोकायला लागली होती. आमचुराची पोती आणि चौदा माणसं. त्याने इग्निशन मागे घेऊन, म्हणजे ठिणगी उशिरा पाडून, पाहिलं तर ताकद गेली, पुढे घेतलं तर ठकठक. मग एक मोठा आवाज, आणि धूर. माणसं उतरून चालत घरी गेली. खेमा रागावला नव्हता, आणि तेच वाईट होतं. नुसता म्हणाला, "भाई, तू बनायेल इंजिन घाटमा कधी थांबनं नही."

तू उघडलंस. तिसऱ्या पिस्टनची कड खाल्लेली, रिंग तुटलेली. बराच वेळ तो पिस्टन हातात फिरवलास. दुकानात मी होतो, खेमा होता, पंक्चरवाला आला होता, आणि एका पान्याचं निमित्त करून बन्सी मिस्तरीही आला होता. तू मान वर केलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालास:

"मन्हंच माप चुकनं, खेमा. मास्तरना हिसाब पक्का शे. मन्हा डोया आते काम नही देतस. ऐंशी नही व्हई ते, कमी व्हई."

आणि मी म्हणालो, "होतं असं."

तेव्हा मला अजून चूक सापडली नव्हती, हे माझ्या बाजूने लिहून ठेवतो. ती दोन दिवसांनी सकाळी दाढी करताना सापडली. गालावर साबण, हातात वस्तरा, आणि समोर आरशात उलटी दिसणारी कपाटावरची वही. का कोण जाणे, मला एकदम माझा काळा झालेला हात आठवला. गॅस्केट पकडून दिलेला. अर्धी दाढी तशीच ठेवून मी वही उघडली. ऐंशी अधिक आठ. खरी जागा टोपी वजा जाता बहात्तर, म्हणजे आठाला एक नव्हे, जवळजवळ पावणेनऊ. त्या परदेशी माणसाचा नऊ मी न मागता गाठला होता.

अर्ध्या दाढीने मी दुकानात निघालो होतो, खरंच. मंगलाने हाक मारली, "हे तोंड घेऊन कुठे?" मी आरशात पाहिलं आणि परत बसलो. दाढी पूर्ण झाली तोवर धीर संपला होता. माझी हिंमत अर्ध्या दाढीइतकीच.

मग तू डोळे तपासून आलास. नवा चष्मा. जाड काळी काडी. दुकानात शिरलास आणि मला विचारलंस, "कसं दिखस?"

मी म्हणालो, "छान दिसतोय. प्रोफेसर वाटतोस."

यासीनभाई, तुझे डोळे चांगले होते. तू ऐंशी वाचलंस ते ऐंशीच होतं. आणि माझ्या चुकीपायी तू चष्मा करून आलास, आणि मी त्याचं कौतुक केलं. पुढचे चार दिवस तू दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतास, "आते समजनं, मी इतला दिन आंधळाच काम करत व्हतू." मी मागच्या खुर्चीवर बसून चहा पीत होतो.

आपलं शेवटचं बोलणं तुला आठवत असेल. तू हेड पुसत होतास. म्हणालास, "मास्तर, उद्या परत माप लिसूत. या टाइमले आकडा तू वाचजो. मन्हावर मन्हा भरवसा नही." मी म्हणालो, "उद्या मला तुझ्याशी एक बोलायचंय." तू म्हणालास, "आज बोल." मी म्हणालो, "उद्या."

*

तू गेल्यावर नवव्या दिवशी मी सकीनाभाभींना सांगितलं. सगळं. वही घेऊन गेलो होतो, पुरावा म्हणून. त्यांनी ती उघडलीही नाही, तुझ्याच घरच्या त्या. शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं आता रागावतील, आणि रागावलं तर बरं, असंही वाटत होतं. भाभी म्हणाल्या, "भाईसाब, आपने उनको क्यों नहीं बताया?"

"लाज वाटली, भाभी."

"अरे, लाज की क्या बात? वो कुकर की सीटी की बात बोल-बोल के बीस साल हँसे. ये सुनते तो कितना हँसते!" आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. हसू की रडू, मला कळलं नाही. बहुतेक त्यांनाही नाही.

मी इतके दिवस समजत होतो, मी तुझं नाव खराब केलं. ते केलंच. पण भाभींनी दाखवलं की मी तुझं त्याहून मोठं नुकसान केलं होतं. मी आजवर केलेल्या सगळ्या घोळांतला सर्वांत मोठा घोळ, खास तुझ्यासाठी घडलेला, रसरशीत, आणि तो तुला ऐकायला मिळाला नाही. तू स्वतःवर संशय घेत गेलास, आणि हसायचं राहून गेलं.

*

मग मी बन्सी मिस्तरीकडे गेलो. इंजिन जोडणार कोण? मी? बन्सी गाडीखाली होता. मी उभ्या उभ्या त्याच्या पायांना सांगितलं की माप बरोबर होतं, बेरीज चुकली. पाय थोडा वेळ हलले नाहीत. मग तो बाहेर आला.

"दोस्तना करता खोटं बोली ऱ्हायना का, मास्तर?"

"मोजून बघ."

तो तुझ्या दुकानात आला. तुझ्या रीतीने माप घ्यायला लावलं मी त्याला, जुना पिस्टन, ग्रीस, गॅस्केट, हेड, सिरिंज. त्याने तुझ्या सिरिंजने थेंब थेंब तेल सोडलं, आटे संपले तिथे थांबला, आणि आकडा मला न दाखवता स्वतः दोनदा वाचला.

"ऐंशी," म्हणाला. मग नाक खाजवलं. "पन घाट चढू दे. मंग बोलूत."

मी आणून दिलेले नवे चपटे पिस्टन बन्सीनेच बसवले. पैशाचं विचारलं तर म्हणाला, "यासीनना बाकवर काम करं ना, पुरे." तुझ्या बाकावर, तुझ्या पान्यांनी. एक पाना परत ठेवताना त्याने तो तुझ्या खिळ्यावर बरोबर टांगला. तुमचं शेवटी एका पान्यावर एकमत झालं म्हणायचं.

काल खेमा जीप न्यायला आला. मी म्हणालो, मी पण येतो. घाटाच्या पायथ्याशी पाड्यावरची माणसं बसली, बायका, पोती, एक कोंबडीही. मी खेमाला म्हणालो थांब, आणि मागे वळून सगळ्यांना सांगितलं. मागच्या वेळी तुम्ही चालत घरी गेलात, ते यासीनभाईमुळे नाही. गणित माझं चुकलं. एक गोष्ट मी दोनदा जोडली.

खेमा हळूच म्हणाला, "गुरुजी, तुमी पोरेसले गनितच शिकाडत व्हतात ना?"

मागून एक म्हातारी त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली आणि सगळे हसले. मी विचारलं काय म्हणाली. खेमाने सांगितलं, "म्हने, बरं व्हयनं मन्हा नातू रनाळाले शिकाले नही गया."

पहिलं वळण. दुसरं. तिसरं. माझा कान बॉनेटकडे होता आणि हात समोरच्या लोखंडी दांड्याला असा आवळलेला, की दांडाच जीप चढवतोय. हसून झाल्यावर सगळ्यांनीच हाताला लागेल ते घट्ट धरलं होतं. त्यांनाही मागचं चौथं वळण आठवत असणार. जर इथे ठोकलं असतं, यासीनभाई, तर माझा कबुलीजबाब वाया होता, आणि तुझ्यावरचा तो शब्द कायमचा तुझ्यावरच राहिला असता. चौथ्या वळणावर खेमाने गिअर खाली घेतला. इंजिन वाकलं, दम धरला, आणि चढत राहिलं. ठकठक नाही. मी तोंड उघडं ठेवून ऐकत होतो. वळण मागे पडलं. खेमाने माझ्याकडे पाहिलं.

"काय ऐकू येस, गुरुजी?"

"काहीच नाही."

"मंग आते बाजारमा सांगा, मोठ्ठ्याने. तठे समदा ऱ्हातस."

सांगितलं. मोलगीच्या बाजारात, जीपच्या फूटबोर्डवर उभं राहून, माप कुणाचं बरोबर होतं आणि बेरीज कुणी चुकवली ते. गॅस्केट म्हणजे काय हे आमचूरवाल्या बायकांना कळलं नाही. मास्तर चुकला, एवढं कळलं, आणि त्या इतक्या हसल्या की शेजारच्या मिठाच्या दुकानातली माणसंही उठून बघायला आली. त्यांच्यातल्या एकीने माझी कीव येऊन आमचुराची एक मोठी फोड माझ्या हातावर ठेवली. मी ती तोंडात टाकली. आंबट. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि थांबेना.

त्या बायकांना वाटलं, आमचुरानं. या वेळी मी काही खुलासा केला नाही.